शेळके सरांच्या नावावर

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दारात मेथी निवडत बसले होते. म्हणाले, "ताई, करोनाच्या वर्षात तुम्ही प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला शिकवलंत, त्यातल्या गमती लिहा. दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं असू द्या." मी हो म्हटलं. गमती पुष्कळ आहेत आणि त्या सांगतेच. पण तेवढ्याच सांगून गप्प बसले तर हा लेख म्हणजे आणखी एक खोटं होईल, आणि माझ्याकडे आधीचीच पुरेशी साठली आहेत.

जुन्नर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळेत सहायक होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. लॅब उघडायची, धूळ पुसायची, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा, मुलांनी माउसचे चेंडू चोरले की ओरडायचं, एवढंच माझं काम होतं. नंतर माउसमधले चेंडूच गेले, तेव्हा ओरडण्याचं कामही कमी झालं. मग एका वर्षी वरून आदेश आला की प्रत्येक विषय ऑनलाइन पोर्टलवर गेला पाहिजे. त्यापाठोपाठ करोना आला, कॉलेज बंद झालं आणि मी एकाएकी महत्त्वाची बाई झाले.

पोर्टल ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक विषयाचं एक कपाट आहे असं समजा. वरच्या कप्प्यात सरांची व्याख्यानं, त्याखाली मुलांनी लिहून पाठवलेलं, त्याखाली चाचण्या, आणि सगळ्यांत खाली 'चर्चा' नावाचा कप्पा. तिथं सर प्रश्न टाकतात आणि मुलं आपापलं लिहितात. कपाटाची किल्ली म्हणजे पासवर्ड. दाराच्या आतल्या बाजूला एक नोंदवही असते, तिला लॉग म्हणतात. कपाट कुणी उघडलं, कधी उघडलं, काय ठेवलं, काय काढलं, सगळं तिच्यात आपोआप लिहिलं जातं. तिच्यात खाडाखोड करता येत नाही. मात्र ती किल्लीच्या मालकाचं नाव लिहिते, किल्ली खरोखर कुणाच्या हातात होती ते तिला कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता गमती. गणिताचे सर खोडदचे. फळ्याशिवाय त्यांचा हातच चालायचा नाही आणि फोनसमोर तोंड करून बोलायला त्यांना लाज वाटायची. मी त्यांच्या घरी गेले तर पडवीत टोमॅटोची रिकामी क्रेट रचलेली. एक क्रेट टेबलावर पालथं घातलं, त्याच्या जाळीवर फोन पालथा ठेवला, कॅमेरा बरोबर भोकावर. सर बाजूनं आत हात घालून कागदावर गणितं सोडवायला लागले. व्हिडिओत फक्त सरांचा हात आणि कागदावर जाळीची सावली. ते वर्षभर तसेच शिकवत राहिले. एकदा एका पालकांचा मला फोन आला, "मॅडम, ते क्रेटात हात घालून शिकिवणारं सर हायेत ना, त्यांचा व्हिडिओ निम्म्यात थांबतोय. पोरगं म्हणतंय फुडची पायरी कळंना. तेवढं बघा की राव." सरांच्या दारातून खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दिसतात. सर म्हणायचे, "ह्यांना आभाळाच्या पल्याडचं ऐकू येतं बाई, आन माझा आवाज राजुरीपोत्तर जाईना."

वाणिज्य शाखेच्या एका सरांनी पन्नास प्रश्नांची चाचणी स्वतः तयार केली. स्वतः, हे त्यांनी मला चारदा सांगितलं. सगळ्या वर्गाला पन्नासपैकी पन्नास पडले. सरांनी प्राचार्यांना सांगितलं की ऑनलाइन पद्धतीत मुलांचं आकलन फार सुधारतं. मी चाचणी उघडून पाहिली तर प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर 'अ'. पर्यायांची अदलाबदल करायची खूण टिचकी मारून चालू करावी लागते, ती सरांनी केली नव्हती. पहिल्या तीन प्रश्नांनंतर मुलांनी प्रश्न वाचलेच नसणार. मी हे सरांना सांगितलं नाही. पुढच्या चाचणीत गुपचूप ती खूण चालू केली, आणि सर महिनाभर मुलांवर नाराज होते.

हे गुपचूप करणंच माझ्या अंगात मुरत गेलं. मी स्वभावानं तापट आणि घाईची. माझे वडील शाळेत शिपाई होते. मास्तर उभे असताना आपण खुर्चीवर बसायचं नाही, असं त्यांनी आम्हा भावंडांना शिकवलेलं. आणि इथं पीएचडी झालेली माणसं माझ्यासमोर एका बोटानं अक्षर शोधायची, ते मला बघवायचं नाही. पहिल्यांदा सांगायची, दुसऱ्यांदा सांगायची, तिसऱ्यांदा म्हणायची, "जरा सरका." की मी खुर्चीवर आणि प्राध्यापक माझ्या पाठीशी उभे. दोन मिनिटांत काम फत्ते. त्यांना वाटायचं, साळवेबाई किती मदत करतात. मलाही तसंच वाटायचं. खरं तर मी त्यांना काही शिकू देत नव्हते.

त्यातून ती वही आली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. सगळ्या प्राध्यापकांचे पासवर्ड त्यात मी लिहून घेतले होते. कुणी विसरायचे म्हणून सुरुवात झाली आणि नंतर तीच पद्धत पडली. मूल्यांकन समिती येणार म्हटलं की प्राचार्य विचारायचे, "सगळे सर-मॅडम स्वतः पोर्टल वापरतात ना?" मग मी वही उघडून एकेकाच्या नावानं आत शिरायची. धडे चढवायची, मुलांना शाबासकी द्यायची, गृहपाठ तपासल्याची खूण करायची. लॉगमध्ये प्रत्येक प्राध्यापक रोज हजर. कॉलेजात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

एकच माणूस मला खुर्चीवर बसू द्यायचा नाही. वनस्पतिशास्त्राचे शेळके सर. राजुरीचे, घरची बागायती शेती, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. मी "जरा सरका" म्हटलं की ते खुर्चीचे हात घट्ट धरायचे. म्हणायचे, "साळवेबाई, तुम्ही नका करू. सांगा, मी करतो. झाडाचं नाव मी सांगितलं तर पोरगं दोन दिवसांत विसरतं. त्यानं स्वतः पानं मोजली तर विसरत नाही." प्रत्येक पायरी ते कागदावर लिहून घ्यायचे. लॉग वाचायलाही मीच त्यांना शिकवलं, कोणत्या मुलानं धडा उघडला नाही ते कळावं म्हणून. ते रोज सकाळी लॉग बघून न आलेल्या मुलांना फोन करायचे. माझ्या सगळ्या नोकरीत मी एकच विद्यार्थी नीट तयार केला, तो हा. पासवर्ड मात्र त्यांचाही माझ्या वहीत होता, कारण सगळ्यांचा होता.

टाळेबंदीत त्यांनी चर्चेच्या कप्प्यात मुलांना एक काम दिलं. घरात अडकलात ना, मग बांधावर जा. एक झाड, वेल किंवा तण शोधा. त्याला तुमच्या घरात काय म्हणतात ते वडीलधाऱ्यांना विचारा आणि सांगणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं लिहा, शुद्ध करू नका. मला वाटलं, पाच-दहा मुलं लिहितील. पण मुलं खरंच रिकामी होती आणि घरची माणसंही. एकानं लिहिलं की दुसरा खाली लिहायचा, आमच्याकडं ह्याला हे म्हणत नाहीत. एकाच तणाला एका गावात दगडी पाला, दुसऱ्यात कंबरमोडी, तिसऱ्यात एकदांडी. राजुरीच्या एका मुलाच्या चुलत्यांचं वाक्य मला अजून पाठ आहे, "खुरपं लागलं की ह्योच चोळायचा, दवाखाना मागनं."

सगळ्यांत जास्त लिहायची तळेघरची सोनाली. वर डोंगरात राहायची, भाताची आणि नाचणीची शेती. तिचे थोरले चुलते किसनभाऊ आयुष्यभर हिरडा गोळा करत फिरलेले. त्यांना विचारून ती लिहायची. हिरडा झाडावर कोणत्या वयाला काय नावाचा असतो, कोणती रानभाजी कोणत्या नक्षत्रात तोडायची, कोणत्या कातळाजवळची तोडायची नाही. "आखाडात काय खायाचं आन श्रावणात कशाला हात लावायचा न्हाई, ह्ये आमच्या आईनं ठरवल्यालं व्हतं," असं एक वाक्य होतं. नेट मिळालं की एकदम आठ-दहा नोंदी यायच्या.

कॉलेज थोडं थोडं उघडल्यावर सर लॅबमध्ये येऊन त्या मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. नोंदी तीनशेच्या वर गेल्या होत्या. "ह्यातली निम्मी नावं कुठल्या पुस्तकात नाहीत, साळवेबाई. निवृत्त झालो की ह्याचं पुस्तक करायचं. मुलांच्या नावासकट, सांगणाऱ्यांच्या नावासकट." एकदा ते जाड बांधणीची वही घेऊन आले आणि पडद्यावरून एकेक नोंद हातानं उतरवायला लागले. मला हसू आलं. मी म्हटलं, "सर, कशाला डोळे फोडून घेता? कागदाला वाळवी लागते. इथून काही कुठं जात नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. वीस-बावीस नोंदी उतरवून झाल्या होत्या, तेवढ्याच.

नवं वर्ष सुरू होताना कपाटं रिकामी करावी लागतात. जुन्या मुलांची नावं, त्यांचे गृहपाठ, गुण काढून टाकायचे, सरांची व्याख्यानं ठेवायची. त्याला रिसेट म्हणतात. एका पानावर काय काय काढायचं त्याची यादी येते आणि पुढं चौकोन असतात. हे प्रत्येकानं आपलं आपण करायचं असतं. प्राचार्य म्हणाले, सोमवारपर्यंत सगळे विषय तयार पाहिजेत. मी निळी वही उघडली आणि सकाळपासून एकेकाच्या नावानं सुटले. चाळीसच्या वर विषय होते. सगळ्यांच्या चर्चेच्या कप्प्यात 'गुड मॉर्निंग सर' आणि 'लिंक ओपन होत नाही' याशिवाय काही नसायचं, म्हणून मी तोही चौकोन भरत गेले. शेवटी पोर्टल विचारतं, नक्की? मी त्या दिवशी चाळीस वेळा 'नक्की' दाबलं. वनस्पतिशास्त्र कधी येऊन गेलं ते मला कळलंही नाही. शेजारी चहा होता आणि मी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते, हेही लिहून टाकते.

गुरुवारी सरांचा फोन आला. "साळवेबाई, माझी चर्चा दिसत नाही."

"पाहते सर," एवढंच म्हणाले.

"मी पाहिलं," सर म्हणाले. "तुम्ही शिकवलं तसं लॉग उघडून पाहिलं. शनिवारी अकरा बेचाळीसला सगळं पुसलंय. नाव माझंच आहे." मग म्हणाले, "शनिवारी सकाळी मी घरी पोर्टल उघडलं होतं खरं. नवीन धडा ठेवायचा होता. काहीतरी भलतंच दाबलं गेलं असणार माझ्या हातनं."

इथं मला बोलायला हवं होतं. सर, ते मी पुसलं. चार शब्द. त्याऐवजी मी म्हणाले, "असेल, सर."

दुसऱ्या दिवशी पोर्टल चालवणाऱ्या कंपनीच्या पुण्याच्या माणसाला मी फोन केला. आडून आडून विचारलं, समजा एखाद्या सरांच्या हातून चुकून रिसेट झालं तर? तो म्हणाला, "काही टेन्शन नाही मॅडम, आमच्याकडे तीस दिवसांची प्रत असते. प्राचार्यांच्या सहीचं पत्र पाठवा. कोणी पुसलं, कधी, कुठल्या संगणकावरून, ते लिहा. आम्ही ताडून बघतो आणि परत ठेवतो. तीस दिवसांनंतर मात्र ती प्रत आपोआप जाते."

फोन ठेवल्यावर मला आधी हायसं वाटलं आणि मग कुठल्या संगणकावरून हे शब्द ध्यानात आले. तो संगणक लॅबमधला, माझ्या टेबलावरचा होता आणि सर त्या वेळी राजुरीत होते. प्राचार्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, मग वही निघाली असती. समिती महिन्यावर आली होती आणि आमच्या कॉलेजच्या फलकावर 'सर्व प्राध्यापक स्वतः ऑनलाइन अध्यापन करतात' असं लिहून झालं होतं. माझी नोकरी गेली असती की नाही, माहीत नाही. तोंड काळं झालं असतं हे नक्की. मी पत्र लिहिलं. खरं तेच लिहिलं. घडी करून निळ्या वहीत ठेवलं आणि वही कपाटात.

पुढच्या आठवड्यात प्राध्यापकांची बैठक होती. शेळके सर स्वतःहून उभे राहिले. म्हणाले, "माझ्या अडाणीपणामुळं मुलांचं वर्षभराचं काम पुसलं गेलं. तुम्ही सगळे जपून वापरा. मी मुलांची माफी मागितलीय." कुणीतरी मागून म्हणालं, "वय झालं सर, आता साळवेबाईंनाच सांगत जा." सगळे हसले. सरही हसले. मी कोपऱ्यात माइक सांभाळत उभी होते.

मधे एकदा व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "परत मिळवायची काहीच सोय नसते का हो?"

"नाही सर. गेलं ते गेलं."

हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं खोटं. तेव्हा तेरा दिवस शिल्लक होते. मी रोज सकाळी लॅब उघडताना दिवस मोजत होते, आणि मनात म्हणत होते की उद्या सांगू. एकोणतिसाव्या दिवशी पत्र घेऊन प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेले. दाराशी आमचे शिपाई बाळूभाऊ बसलेले. म्हणाले, "सायेब समितीच्या कागदात बसल्यात, आज कुणाला आत सोडू नका म्हणाल्यात. लई अर्जंट हाय का? मी सांगतो तसं."

मी म्हटलं, "नाही, तसं काही नाही."

परत फिरताना माझ्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची मला आजही शरम वाटते. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. समिती आली, फलक वाचला, गेली.

त्यानंतर शेळके सरांनी संगणकाला हात लावला नाही. एक दिवस लॅबमध्ये येऊन म्हणाले, "माझं पोर्टल आता तुम्हीच बघत जा. माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही." मला त्यांनी खुर्ची दिली. ज्या खुर्चीचे हात ते धरून बसायचे ती त्यांनी स्वतः सरकवून दिली आणि माझ्या पाठीशी उभे राहिले, बाकी सगळ्यांसारखे. शिकवताना त्यांचा आवाजही उतरला. पानं दाखवायला हात वर करायचे तो अर्ध्यात थांबायचा. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी ज्यांचे आभार मानले त्यात माझं नाव तिसरं होतं.

निवृत्त झाल्यावर ते पुन्हा कामाला लागले. जुन्या मुलांना फोन करून, गावोगाव फिरून, त्याच जाड वहीत. मुलं बरंच विसरली होती. काही मुंबई-चाकणला कामाला लागलेली, मुली सासरी गेलेल्या, सोनालीचा तर फोनही लागत नव्हता. मीही निवृत्त झाले तेव्हा ते म्हणाले, "तळेघरला येता का? किसनभाऊंना गाठायचंय." मी गेले. त्यांची सोबत म्हणून गेले असं घरी सांगितलं. एसटीनं जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत गेलो आणि पुढं चालत.

किसनभाऊंच्या पत्नी दारात नाचणी पाखडत होत्या. सरांनी ओळख सांगितली. त्या म्हणाल्या, "ते व्हय? ते गेलं की पावणं, गेल्या साली. बसा, पाणी आनते."

सर ओट्यावर बसले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी चाचरत विचारलं, भाऊ जे सांगायचे त्यातलं तुम्हाला काही आठवतंय का.

"मला कुठलं आठवायला? रानात ते हिंडायचं, मी चुलीपाशी. पर तुमी ल्हिऊन घेतलं व्हतं नव्हं त्या मोबाइलात? सोनी म्हणायची, सरांनी समदं जपून ठेवलंया. ह्यांना लई बरं वाटायचं. म्हणायचं, आपलं नाव कालेजात गेलं."

सरांनी मान खाली घातली. "माझ्या हातनं गेलं हो वहिनी ते. माझीच चूक."

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "चूक कुणाच्या हातनं व्हत न्हाई?"

मी तिथंच उभी होते. दोन हातांवर. तरी ती चूक माझी आहे, हे मला बोलता आलं नाही. परत येताना सर एकदाच म्हणाले, "निदान दोन वर्षं आधी यायला हवं होतं." येताना त्यांनी वाटेतल्या दोन-तीन झाडांची नावं वहीत लिहिली. किसनभाऊंनी सांगितलेली नावं कुणालाच येत नव्हती.

यंदा उन्हाळ्यात सरांनी मला हस्तलिखित टाइप करायला दिलं. जमलं तेवढं, शंभरेक नोंदी. मी रोज दुपारी करत होते. शेवटी प्रस्तावना आली. त्यात लिहिलं होतं, 'मूळ संग्रह याच्या तिपटीनं मोठा होता. तो माझ्या अज्ञानामुळे माझ्याच हातून नष्ट झाला. विद्यार्थ्यांनी आणि सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मला क्षमा करावी.' आणि त्याखालच्या ओळीत, 'संगणकाच्या कामात सदैव मदत करणाऱ्या श्रीमती साळवे यांचा मी ऋणी आहे.'

मी 'माझ्याच' एवढं टाइप केलं आणि थांबले. चष्मा काढला, परत घातला. मग कागद गोळा केले आणि तशीच राजुरीला गेले.

सर गोठ्याकडून आले, हात धुऊन बसले. मी बसलेच नाही. उभ्यानं सांगितलं. वही सांगितली, चाळीस वेळा दाबलेलं 'नक्की' सांगितलं, लॉगमध्ये त्यांचं नाव का आलं ते सांगितलं. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता हे ओरडतील, आणि मी ऐकून घ्यायच्या तयारीनं गेले होते.

सर म्हणाले, "म्हणजे मी नव्हतो?"

"नाही सर."

"मी नव्हतोच?" आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी आणि हसताहेत. आत हाक मारली, "अगं ऐकलंस का, ते माझ्या हातनं गेलंच नव्हतं! आपल्या साळवेबाईंच्या हातनं गेलंय!" जणू मी बर्फीचा पुडा घेऊन आले होते. मला म्हणाले, "अहो, दिवसभरात चाळीस कपाटं आवरणाऱ्या माणसाच्या हातून एखादं चुकणारच. तेव्हाच सांगायचं होतंत की, मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" त्यांनी पेन घेतलं आणि प्रस्तावनेतलं ते वाक्य खोडून वर लिहिलं, 'तांत्रिक चुकीमुळे नष्ट झाला'. माझं नाव घालायला मी सांगत होते, ते त्यांनी ऐकलं नाही. आभाराची ओळ तशीच ठेवली. मग कपाटावरचा नातवाचा लॅपटॉप काढून आणला आणि म्हणाले, "हे कसं चालू करतात हो? विसरलो सगळं. तुम्ही नका करू, सांगा नुसतं." आणि खुर्चीचे हात धरून बसले.

मी सांगत गेले, ते करत गेले. चहा झाला. निघताना त्यांच्या पत्नी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, लई मोठं वझं उतरवलंत तुमी त्यांचं. झोपंत सुदिक म्हणायचे, काय दाबलं मी, काय दाबलं."

मी हात सोडवून घेतला, स्कूटर चालू केली आणि आले. कारण मी त्यांना सगळं सांगितलं नव्हतं. चूक सांगितली होती. चूक माफ होण्यासारखी होती, ती झाली. पुण्याच्या माणसाचा फोन मी सांगितला नाही. वहीतलं घडी घातलेलं पत्र सांगितलं नाही. ते इतके आनंदात होते, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला माफी मिळाली होती आणि ती हातातून जाऊ द्यायची नव्हती.

हा अंक शेळके सर दर दिवाळीला घेतात आणि हातात पेन्सिल धरून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून संपादकांना मी हो म्हटलं. सर, तुम्ही व्हरांड्यात मला विचारलं होतंत, परत मिळवायची काही सोय नसते का. सोय होती. तीस दिवस होती. किसनभाऊ तेव्हा हयात होते, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं पुण्यात एका यंत्रावर तसंच्या तसं होतं. एका पत्रावर ते परत आलं असतं. ते पत्र अजून माझ्याकडं आहे, सर.